कोलूवरचा पंधरावा फोन

कल्याणरामनं मरुदम कंपनीसाठी चौदा फोन बनवले आणि चौदाही फोनांची खरी परीक्षा तंजावुरात, त्याच्या आईच्या कोलूवर झाली. कंपनीच्या कागदपत्रांत हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. कागदावर प्रयोगशाळा होती, पांढरे कोट होते, मोजमापांचे तक्ते होते. पण कंपनीतल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, तो हसून म्हणायचा, "लॅबचं राहू द्या हो. अंबाअम्मा काय म्हणाल्या?"

नवरात्रात लाकडी पायऱ्या मांडून, त्यांवर पांढरं धोतर पसरून बाहुल्या बसवायच्या, तो कोलू. तंजावुरातल्या इतर घरांसारखा तो तिथं पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांतही बसतो, आणि त्याचा एक नियम भलताच कडक आहे: दरवर्षी एक तरी नवी बाहुली हवीच. अंबाअम्मांनी लग्न होऊन आल्यापासून तो कधी मोडला नव्हता. मोडायची वेळ आली ती वीस वर्षांपूर्वी, आणि ती आणली त्यांच्या एकुलत्या एका चिरंजीवांनी.

त्या वर्षी अम्मांच्या जुन्या डोलत्या बाहुलीची मान तुटली होती. घागऱ्यावर मुंडकं ठेवलेली, जरा धक्का लागला की नाही-नाही म्हणत डोलणारी ती बाहुली. अम्मांनी कल्याणरामला चेन्नईला निरोप धाडला होता, की येताना बाजारातून तशीच नवी घेऊन ये. कल्याणराम रात्रभराच्या बसनं आला, अंघोळ न करता कोलूसमोर उभा राहिला आणि खिशातून एक काळा, जाडजूड, बटणांचा फोन काढून म्हणाला, "अम्मा, बघ! आमच्या कंपनीचा पहिला फोन. अजून जगात कुणी बघितला नाही."

"बरं. बाहुली कुठं?"

कल्याणरामचं तोंड बघण्यासारखं झालं. बाहुली तो साफ विसरला होता. इतकंच नाही, फोनचा चार्जरही चेन्नईत विसरला होता. अम्मांनी त्याच्या हातातून फोन घेतला, पुसला, त्याला कुंकवाचा एक ठिपका लावला आणि तिसऱ्या पायरीवर नवरा-बायकोच्या लाकडी जोडीशेजारी उभा केला. "ह्या वर्षी हीच बाहुली," त्या म्हणाल्या.

मग नऊ दिवस फोन तिथंच राहिला. येणाऱ्या बायका त्याला हसल्या, सुंडल म्हणजे कोरडी उसळ खाऊन, विडा घेऊन गेल्या. तिकडं कंपनीचे मालक राममूर्ती हवालदिल झाले होते, कारण चालता असा तो एकच नमुना होता आणि विजयादशमीला त्यांना तो व्यापाऱ्यांसमोर ठेवायचा होता. त्या दिवशी सकाळी साडेदहाला, त्यांनी फोन कुठं आहे ते बघावं म्हणून त्याचाच नंबर फिरवला. कोलूवर घंटी वाजली. अम्मांनी फोन उचलला. समोरचा माणूस घाबऱ्या आवाजात विचारतोय, तो फोन कसा आहे, चालू आहे का? अम्मांनी तमिळमध्ये एवढंच सांगितलं, "उसुरोड इरुक्कु." जिवंत आहे.

चार्जरशिवाय नऊ दिवस! राममूर्तींनी तिथल्या तिथं व्यापाऱ्यांना ते ऐकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीची जाहिरात ठरली: एक चार्ज, नऊ दिवस.

तो काळच तसा होता. कावेरीच्या मुलखात खेडोपाडी वीज येई ती लहर लागल्यासारखी. कल्याणरामचे अप्पा, सीतारामराव, पाटबंधारे खात्यात होते. ओरत्तनाडूच्या बाजूला कालव्यांची दारं उघडायचं-मिटायचं काम त्यांच्याकडे असे. आठवड्याचे पाच दिवस सायकलवर, कमरेला दारांच्या लोखंडी चाव्या. कोलू उतरल्यावर तो पहिला फोन अप्पांनीच खिशात टाकला. चिखलात पडला, पाण्यात पडला, एकदा बैलानं चाटला, पण चालत राहिला. अप्पा ज्या बांधावर जात तिथले शेतकरी तो हातात घेऊन बघत आणि बाजाराच्या दिवशी तसलाच घेऊन येत. मरुदम म्हणजे जुन्या तमिळमध्ये भातशेतीचा मुलूख. त्या मुलखात कंपनीला दुसरी जाहिरात करावी लागली नाही. अप्पा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले, की फोन मी खपवला, मुलानं नुसता बनवला.

तेव्हापासून रीतच पडली. नवा फोन तयार झाला, की पहिला नमुना नवरात्रात तंजावूरला. नऊ दिवस कोलूवर, चार्जरशिवाय. विजयादशमीला राममूर्ती व्यासपीठावरून सगळ्या व्यापाऱ्यांसमोर कोलूचा नंबर फिरवणार. तो नंबर वीस वर्षं एकच होता. कल्याणराम मंचावर कधी गेला नाही. त्याची जागा अम्मांशेजारी, कोलूपाशी. राममूर्ती विचारणार, "कसा आहे?" आणि अम्मा सांगणार. सहाव्या फोनच्या वेळी अम्मांनी सांगितलं होतं, "मेला. सातव्या दिवशीच मेला, बिचारा." सभागृह पोट धरून हसलं. राममूर्तीही हसले आणि त्यांनी तो फोन दोन महिने अडवून ठेवला, बॅटरी बदलली, मग विकला. त्या दिवसापासून व्यापारी कंपनीच्या माणसांपेक्षा अम्मांवर जास्त विश्वास ठेवू लागले.

आता हे सगळं आठवणीतलं. पुढं काचेचे फोन आले, बाहेरच्या कंपन्या आल्या, नऊ दिवसांचं कौतुक कुणाला राहिलं नाही. मरुदमनं बाहेरून तयार काचेचे फोन आणून आपल्या नावानं विकून बघितले, ते ना धड स्वस्त निघाले ना धड चांगले. कारखान्यात सहा ओळींनी फोन जुळवायचं काम चालायचं, तिथं एक ओळ उरली. कल्याणराम दर महिन्याला एखाद्या जुन्या माणसाच्या निरोपाला पेढे खाऊन यायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. त्याची बायको कनकलता म्हणायची, "एवढे पेढे खाल्लेत तर साखर वाढेल, निदान चेहरा तरी गोड करा."

शेवटी राममूर्तींनी ठरवलं, एकच फोन काढायचा, पण असा की नजर ठरू नये. त्याचं नाव 'शिखर'. पातळ, हलका, रात्रीचेही फोटो लख्ख काढणारा. सिंगापूरचे गुंतवणूकदार म्हणाले, हा चालला तर आम्ही येतो. नाही चालला तर कुणीच येणार नव्हतं. राममूर्तींचं वय झालं होतं, कारखान्यात अडीचशे माणसं उरली होती, आणि त्या सगळ्यांचं पुढचं ताट ह्या एका फोनवर होतं. शिखर बनवला कल्याणरामनं. विजयादशमीला तो बाहेर यायचा होता आणि दिवाळीपूर्वी घराघरांत पोचायचा होता. चाळीस हजार फोन बंद खोक्यांत दुकानांत जाऊनही बसले होते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कल्याणराम पंधरावा फोन टॉवेलात गुंडाळून तंजावूरला आला. मेडिकल कॉलेज रोडच्या मागं अप्पांनी बांधलेलं साधं दोन खोल्यांचं घर, तिथं अम्मा एकट्या राहायच्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे सोडले तर ठणठणीत. त्यांनी फोन हातात घेऊन उलटासुलटा केला.

"किती नाजूक रे हा. जोरानं धरायची भीती वाटते मज."

"अम्मा, ह्या वेळी एक वेगळं आहे. ह्याला चार्जर लावूनच बसवायचा. काचेचे फोन नऊ दिवस टिकत नसतात. राममूर्ती सारांनीच सांगितलंय."

अम्मांनी पायरीवर फोन ठेवला, मागून येणारी पांढरी वायर बघितली आणि म्हणाल्या, "सलाइन लावून बसवलास होय त्याला?"

कनकलता हसली. कल्याणरामही हसला, पण ते त्याला लागलं.

ते नऊ दिवस मोठे गोड गेले, हे सांगायलाच हवं. रोज संध्याकाळी बायका येत, कुणी तमिळ पद म्हणे, कुणी अर्धं मराठी अर्धं तमिळ बोले. रोज वेगळं सुंडल, एक दिवस हरभऱ्याचं, एक दिवस चवळीचं. मधल्या पायरीवर चौदा जुने फोन ओळीनं बसले होते. कल्याणराम त्यांच्यासमोर मांडी घालून बसे आणि कुणी विचारलं नाही तरी सांगे. हा विजेरीवाला, ह्याच्या उजेडात डेल्टातल्या किती बायांची बाळंतपणं झाली. ह्याला दोन सिमं, कारण ओरत्तनाडूला एका कंपनीची रेंज एका झाडाखाली आणि दुसरीची दुसऱ्याखाली. हा पहिला, मोठ्या आवाजाचा, पंप चालू असताना ऐकू यावा म्हणून, आणि ह्याचं बटण अप्पांच्या अंगठ्याच्या मापाचं केलं होतं. त्यांचा अंगठा चावीनं चपटा झाला होता. हे सगळं आपण केलं होतं, आपल्या माणसांसाठी केलं होतं, आणि ते दिवस आता परत येणार नाहीत, हे त्याला त्या पायरीसमोर बसून फार वाटायचं.

नवव्या दिवशी सकाळी सरस्वतीपूजा. त्या दिवशी पुस्तकं आणि आपापली अवजारं देवीपुढं मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ज्यानं घरात अन्न येतं ते पूजेत, असा अम्मांचा हिशेब, म्हणून ह्या घरात अप्पांच्या कालव्याच्या चाव्या अजून पूजेत बसतात, आणि गेली वीस वर्षं घरातले सगळे फोनही. कल्याणरामचा, कनकलताचा, अम्मांचा, आणि कोलूवरचा नवा.

कल्याणरामनं शिखर पायरीवरून उचलला आणि पाटावर ठेवला. टक् असा आवाज झाला. त्यानं बोट लावलं. फोन डोलला. सपाट पाटावर सपाट फोन डोलत नाही. त्यानं पुन्हा बोट लावलं, पुन्हा टक्. पाठीची काच मधोमध केसभर वर आली होती. आत बॅटरी फुगली होती.

काय झालं असावं ते त्याला क्षणात कळलं होतं, कारण ते त्यालाच माहीत होतं. नवी पातळ बॅटरी सलग चार्जिंगवर एकवीस दिवस ठेवून बघायची असते. घाई होती म्हणून राममूर्ती म्हणाले, तीन दिवसांत होत नाही का? आणि कल्याणरामनं तीन दिवसांवर सही केली होती. लॅबनं जी परीक्षा गाळली ती अम्मांच्या कोलूनं नकळत घेतली.

त्यानं काय करावं? त्यानं फोनची वायर काढली. शेजारची समई हातभर लांब सरकवली. अंगाऱ्याची पुडी दुमडून फोनच्या एका कोपऱ्याखाली सारली, म्हणजे तो डोलायचा थांबला. मग आरती झाली आणि तो जेवायला बसला. पुरणाच्या पोळीचा त्यानं एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

दिवसभर त्याच्या डोक्यात चक्र चालू होतं. एकच नमुना आहे, सगळेच फुगतील असं कुठं आहे? उद्या घंटी तर वाजेलच, अम्मा सांगतील जिवंत आहे, टाळ्या पडतील, सिंगापूरवाले सही करतील. मग हळूच पुढच्या बॅटऱ्या बदलता येतील. आणि सांगायचं म्हटलं तरी सांगू कसा, फोन तर सगळे पूजेत. शेजारी जाऊन कुणाचाही मागता आला असता, हे त्याला कळत होतं. त्यानं ते स्वतःलाही कळू दिलं नाही.

संध्याकाळी बायका येण्याआधी अम्मा त्याच्यासमोर येऊन बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या खाली कधी बसत नाहीत.

"कल्याण, दिवा काय म्हणून सरकवलास?"

"तेल सांडत होतं."

"माझ्या दिव्याचं तेल सांडत नाही. सलाइन काय म्हणून काढलास? आणि पोळी काय म्हणून ठेवलास? मी मेल्यावरही तू पोळी टाकायचा नाहीस, मज ठाऊक की."

कनकलताही दारात येऊन उभी राहिली. मग तो सगळं बोलला. फुगलेली बॅटरी, सही, तीन दिवस, अडीचशे माणसं. बोलून झाल्यावर म्हणाला, "पण आता फोन पूजेत आहेत, अम्मा. उद्या पुनर्पूजा झाली की बघतो."

"उद्या किती वाजता?"

"नऊपर्यंत होईल की."

"आणि साडेदहाला ते मज विचारणार. मी काय सांगू?" अम्मांनी पाटाकडे बघितलं. "सरस्वतीच्या पाठीमागं लपतोस होय रे?"

कल्याणरामनं मान खाली घातली. चोपन्न वर्षांचा माणूस, पण तिथं तो आठ वर्षांचा झाला होता.

"तू तिसरीत होतास," अम्मा सांगू लागल्या. "सरस्वतीपूजेचाच दिवस. चाव्या पूजेत होत्या. दुपारी माणूस धावत आला, कालव्याला पाणी चढलंय, दार उघडलं नाही तर बांध जाईल, दोन गावं बुडतील. तुझ्या आज्जी दारात आडव्या. पूजेतलं उचलायचं नाही म्हणाल्या. तुझ्या अप्पांनी काय केलं? चाव्या उचलल्या, कुंकू धोतराला पुसलं, सायकल काढली. रात्री चिखलानं माखून आले आणि चाव्या परत पाटावर ठेवल्या. देवी काय रागावली त्यांच्यावर?"

त्या उठल्या, पाटापाशी गेल्या, हात जोडले. कल्याणरामचा स्वतःचा फोन त्यांनी उचलला, पदरानं कुंकू पुसलं आणि त्याच्या हातात दिला. "बोल," म्हणाल्या, आणि सुंडल बघायला स्वयंपाकघरात गेल्या.

राममूर्तींनी पहिल्याच घंटीला उचललं. मागं मंच ठोकल्याचे आवाज येत होते.

"सार, कोलूवरचा फोन फुगलाय."

राममूर्तींनी हातोडे थांबवायला लावले आणि विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, कनकाला आणि अम्मांना."

"एकवीस दिवसांची चाचणी…"

"तीन दिवसांत उरकली. सही माझी आहे."

"मी सांगितलं म्हणून केलीस."

"सही माझी आहे, सार."

"चाळीस हजार फोन दुकानांत आहेत, कल्याण."

"हो, सार."

"उद्या साडेदहाला फोन करीन," राममूर्ती म्हणाले. "नेहमीसारखा." आणि त्यांनी ठेवून दिला.

नेहमीसारखा म्हणजे काय? त्यांना अम्मांच्या तोंडून काय ऐकायचं होतं? कल्याणरामला रात्रभर ते उलगडलं नाही. सकाळी पुनर्पूजा झाली. कनकलतानं टीव्हीवर चेन्नईचा समारंभ लावला. सभागृहात सहाशे व्यापारी. त्यांतले निम्मे चेहरे कल्याणराम नावानं ओळखत होता. कुंभकोणमचे, पट्टुकोट्टैचे, मन्नारगुडीचे, डोक्यावर टक्कल आणि कपाळावर विभूती, जुन्या फोनच्या काळचे. पुढच्या रांगेत सिंगापूरचे तिघे सुटाबुटात. राममूर्ती लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसून मंचावर आले. नेहमीपेक्षा हळू चालत होते.

"नंबर फिरवतोय," ते म्हणाले.

पाटावर शिखर वाजू लागला. कल्याणरामनं तो आईच्या हातात दिला नाही, पितळेच्या ताटात ठेवून ताट स्वतः धरलं आणि स्पीकर चालू केला. ताट जरा हललं, की फोन त्यात टक् वाजत होता.

"अंबाअम्मा, नमस्कार. कसा आहे?"

अम्मांनी फोनकडे बघितलं, मग मुलाकडे, मग टीव्हीतल्या राममूर्तींकडे. मग वीस वर्षं ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात सांगितलं, "वाजतोय. पण ह्याच्या पोटात दुखणं आहे, राममूर्ती. हा कुणाला देऊ नका."

कुणी हसलं नाही. राममूर्तींनी फोन खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि सभागृहाकडे वळले. "ऐकलंत ना?" ते म्हणाले. "काल संध्याकाळी कल्याणरामनं मला कळवलं. मी ऑफिसच्या दर्शनी काचेतले आठ फोन काढून बघितले. दहा दिवस चार्जिंगवर होते. तीन फुगलेत. चाचणी मी कमी करायला लावली, माझा दोष आहे. दुकानांतली खोकी उघडू नका, परत पाठवा. हे मी कालच पत्रानं कळवू शकलो असतो. पण कंपनीनं सांगितलेलं तुम्ही अर्धं ऐकता. अंबाअम्मांचं ऐकता."

पुढच्या रांगेतले तिघे उठून गेले, ते टीव्हीवर दिसलं. मग मागून कुणीतरी एकच माणूस टाळ्या वाजवू लागला आणि थांबला, कारण टाळ्या वाजवायची ती वेळ नव्हती. कनकलतानं टीव्ही बंद केला. कल्याणरामनं ताट खाली ठेवलं आणि कोलूसमोर बसून तो मोठ्यानं रडला. अम्मांनी त्याला रडू दिलं.

चाळीस हजार खोकी परत आली. एकही कमी नाही, एकही उघडलेलं नाही, हे राममूर्तींनी नंतर कल्याणरामला दोनदा सांगितलं. शिखर काही पुन्हा आला नाही. आडी महिन्यात, ऐन आषाढात, कारखान्याची शेवटची ओळ बंद झाली. अडीचशे माणसांतली बरीचशी इकडंतिकडं लागली, काही अजून शोधतायत. कल्याणराम आणि कनकलता तंजावूरला आले. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागला. पोरांना पहिल्या दिवशी तो एकच सांगतो, की चाचणीचे दिवस कमी करायचे नाहीत, कुणीही सांगितलं तरी. पोरं मान डोलावतात आणि आपापले बाहेरचे फोन बघतात.

पुन्हा नवरात्र आलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अम्मांनी पायऱ्यांवर धोतर पसरलं, चौदा फोन ओळीनं मांडले आणि विचारलं, "ह्या वर्षी नवं काय बसवू रे?"

कल्याणरामनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. घागऱ्यावर मुंडकं, गालाला लाल रंग, जरा बोट लावलं की नाही-नाही म्हणत डोलणारी बाहुली.

अम्मा तिच्याकडे बघत राहिल्या. "आता आणलास होय?" म्हणाल्या. "एकवीस वर्षांनी?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसत होत्या.

"आणखी एक आहे," कल्याणराम म्हणाला आणि ओळीतला पहिला, काळा, जाडजूड फोन उचलून त्यानं बाहुलीशेजारी उभा केला. अख्खा भाद्रपद तो संध्याकाळी जेवणाच्या मेजावर त्या फोनसाठी नवी बॅटरी जुळवत बसला होता. कनकलताला वाटलं, आता ह्यांना वेळ जात नाही. कोलूच्या नंबरचं सिम त्यानं त्यात घातलं. चार्जर लावला नाही.

विजयादशमीची सकाळ. पुनर्पूजा झाली. कुणी टीव्ही लावला नाही, लावायला काही नव्हतं. कल्याणराम उगाच कोलूपाशी घुटमळत होता. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. अम्मा म्हणाल्या, "कल्याण, बाहुल्या उतरवायला घेऊ की," आणि तो हो म्हणणार, तेवढ्यात काळा फोन वाजला. तीच जुनी, कर्कश, पंपाच्या वरून ऐकू येणारी घंटी.

कल्याणरामनं तो अम्मांपुढं धरला. अम्मांनी हात मागं घेतले. "तू बोल," त्या म्हणाल्या.

त्यानं बटण दाबलं. अप्पांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेलं.

"अंबाअम्मा?" राममूर्तींचा आवाज म्हातारा झाला होता. "सवय हो, दुसरं काही नाही. लागेल असं वाटलं नव्हतं. कसा आहे?"

"उसुरोड इरुक्कु, सार," कल्याणराम म्हणाला.

पलीकडून राममूर्तींनी विचारलं, "चार्जर?"

"नाही लावला, सार. नऊ दिवस झाले."